टाईप केलेलं जातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: मी ४७ वर्षांची, गावातल्या बचत गटाची सचिव. मुलाचा जुना लॅपटॉप आता घरीच असतो. तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला, प्रमाणपत्रही मिळालं, पण घरी एकटी बसले की हात थांबतो. गेल्या आठवड्यात दोन तास बसून बैठकीचा ठराव मराठीत टाईप केला आणि दुसऱ्या दिवशी तो सापडलाच नाही. मुलगा शिकवायला बसतो, पण इतक्या भरभर माऊस फिरवतो की मला काही कळत नाही. सुरुवात नेमकी कुठून करू? या वयात जमेल का?

ताई, वयाचं आधी बोलू. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली, त्यानंतर दोन वर्षांनी मी तालुक्याच्या गावात क्लास काढला. तेव्हापासून दहावीची पोरं, तलाठी, शिक्षिका, किराणा दुकानदार, निवृत्त झालेले कंडक्टर असे सगळे माझ्यासमोर बसले. मोठ्या माणसांना वेळ लागतो हे खरं, पण तो भीतीमुळे लागतो. पोराला काही बिघडेल असं वाटतच नाही. ते दहा ठिकाणी दाबून बघतं आणि दोन ठिकाणी त्याला काहीतरी सापडतं. तुम्ही आयुष्यभर घरातली प्रत्येक वस्तू जपून वापरलेली, त्यामुळे तुमचं बोट बटणाच्या वर जाऊन थबकतं. टाईप करून किंवा क्लिक करून कॉम्प्युटर मोडत नाही. नुकसान होऊ शकेल अशा जागा मोजक्या आहेत, त्या मी पुढे सांगतो. बाकी सगळीकडे बिनधास्त हात फिरवा.

आता कोर्स करूनही का जमत नाही, ते सांगतो, कारण ही तक्रार मी दर महिन्याला ऐकतो. तुम्हाला बटणं शिकवली गेली: इथे दाबा, मग तिथे दाबा, मग ओके. वहीत पायऱ्या लिहून घेतल्या. घरच्या लॅपटॉपवर तेच बटण जरा वेगळ्या जागी दिसलं की वही निरुपयोगी होते. पायऱ्या पाठ करून कॉम्प्युटर येत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी एकच सवय लावतो. काहीही करताना स्वतःला विचारायचं, ही गोष्ट आत्ता कुठे आहे? ठराव कुठे आहे, फोटो कुठे आहे, ईमेलमधून आलेला अर्ज कुठे आहे. याचं उत्तर देता आलं की बटण आपोआप सापडतं. तुमचा ठराव हरवला तोही याच प्रश्नावर, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

लॅपटॉप उघडा, वर्ड चालू करा, वर डावीकडे ‘फाईल’ आणि मग ‘ओपन’ दाबा. अलीकडे वापरलेल्या फाईलींची यादी दिसेल. नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते, ती बहुतेक जण वाचतच नाहीत. ती त्या फाईलचा पत्ता असतो. ठराव यादीत असेल तर तो सापडलाच, आणि पत्ता वाचला की तो कुठल्या फोल्डरमध्ये पडलाय तेही कळेल. यादीत नसेल तर ‘फाईल’, मग ‘इन्फो’, तिथे ‘मॅनेज डॉक्युमेंट’ आणि त्यात ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ असं असतं. सेव्ह न करता बंद झालेल्या काही फाईली वर्ड तिथे थोडे दिवस ठेवतो. दहातल्या काही वेळा तरी तिथे मिळतं. तिथेही नसेल, तर ठराव कधी सेव्ह झालाच नव्हता असं समजा.

ते कसं होतं हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा होणार नाही. कॉम्प्युटरला दोन जागा असतात, स्वयंपाकघरातला ओटा आणि भिंतीतलं फडताळ असतं तशा. आपण काम करतो ते ओट्यावर. त्याला रॅम म्हणतात. सांभाळून ठेवतो ते फडताळात; त्याला हार्ड डिस्क म्हणतात, नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी. तुम्ही ठराव टाईप करत होता तेव्हा तो ओट्यावर होता. रॅमचा स्वभाव असा की वीज गेली, लॅपटॉप बंद पडला, की ओटा पुसून कोरा होतो. तिथलं काहीच उरत नाही. सेव्ह करणं म्हणजे ओट्यावरचं फडताळात ठेवणं. पडद्यावर अक्षरं दिसतायत म्हणजे ती सेव्ह झालीत, असा आपला समज होतो, आणि नवशिक्यांची निम्मी रड इथूनच येते.

दुकानदार ‘आठ जीबी रॅम, दोनशे छप्पन्न जीबी एसएसडी’ म्हणतो तेव्हा तो या दोन जागांची मापं सांगत असतो. ओटा आठचा, फडताळ दोनशे छप्पन्नचं. एकाच वेळी वर्ड, एक्सेल आणि ब्राऊझरच्या (इंटरनेट बघायच्या प्रोग्रामच्या) वीस खिडक्या उघडल्या की लॅपटॉप रडतो, कारण ओट्यावर जागा उरलेली नसते. फडताळात कितीही जागा रिकामी असली तरी त्याचा तिथे फारसा उपयोग नाही. ‘लॅपटॉप स्लो झाला म्हणून फोटो डिलीट केले’ असं सांगणारे बरेच येतात. फोटो फडताळात होते, गर्दी ओट्यावर होती. फडताळ अगदी काठोकाठ भरलं असेल तरच त्यांच्या फोटोंचा दोष.

तर पहिली सवय: कोरं पान उघडल्यावर ‘ठराव क्रमांक १’ एवढंच टाईप करा आणि लगेच सेव्ह करा. काम संपल्यावर सेव्ह करायची पद्धत सोडा. आधी नाव द्या, जागा द्या, मग लिहीत बसा. त्यासाठी कीबोर्डवरचं एफ १२ हे बटण वापरा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं). मी कंट्रोल एस न सांगता एफ १२ सांगतो, त्याला कारण आहे. नव्या वर्डमध्ये पहिल्यांदा कंट्रोल एस दाबलं की एक छोटा चौकोन येतो आणि फाईल बऱ्याचदा वनड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत ठेवायला निघतो. एफ १२ दाबलं की मोठी खिडकी उघडते. त्यात डावीकडे फोल्डर दिसतात, खाली नाव लिहायची जागा असते. कुठे ठेवतोय ते डोळ्यांनी दिसतं. एकदा ठेवलं की मग दर दोन-चार ओळींनंतर कंट्रोल धरून एस. गावाकडे वीज कशी येते-जाते हे मला सांगायची गरज नाही. वर्ड स्वतःहून दर १० मिनिटांनी एक तात्पुरती प्रत काढतो, पण १० मिनिटांत एक अख्खं पान होतं, म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

जागा कुठली द्यायची? कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण धरून ई दाबा. फाईल एक्सप्लोरर उघडेल. हेच तुमचं फडताळ. कोर्समध्ये वर्डला पंधरा दिवस देतात आणि याला अर्धा तास, माझ्या मते हे उलटं हवं. डावीकडे ‘डॉक्युमेंट्स’ दिसेल, त्यात जा, रिकाम्या जागी उजवं क्लिक करा, ‘न्यू’, मग ‘फोल्डर’, आणि नाव द्या ‘बचत गट’. त्याच्या आत आणखी तीन करा: ठराव, हिशेब, बँक. बस. वीस फोल्डर करू नका, मग कुठल्यात काय ठेवलं तेच आठवत नाही.

फाईलींच्या नावांबद्दल मी जरा हट्टी आहे. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ अशी नावं मी सरकारी कार्यालयांतसुद्धा पाहिली आहेत आणि त्यातली खरी शेवटची कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. नावाच्या सुरुवातीला वर्ष, मग महिना लिहा: ‘२०२५-११ ठराव’. पुढच्या महिन्यात ‘२०२५-१२ ठराव’. वर्ष आधी, महिना दोन अंकी, एवढं पाळलं की यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. आणि एक गंमत सांगतो, ती आमच्या क्लासमध्ये दरवर्षी कुणीतरी अनुभवतंच. शेताच्या उताऱ्याची फाईल सेव्ह करताना नाव ‘७/१२’ द्यायला गेलात तर विंडोज ते घेत नाही. तिरकी रेघ हे त्याच्या लेखी फोल्डर वेगळे करायचं चिन्ह आहे, ते नावात चालत नाही. ‘सातबारा’ असं अक्षरांत लिहा.

आता गोष्टी इकडून तिकडे नेणं. कॉपी आणि कट यांतला फरक तुम्हाला माहीत असेल: कॉपी म्हणजे झेरॉक्स, मूळ जागच्या जागी राहतं; कट म्हणजे उचलून नेणं. पण माऊसने ओढून नेताना काय होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. एकाच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाईल ओढली तर ती तिकडे जाते, पहिल्या जागी उरत नाही. तीच फाईल पेन ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते, मूळ तिथेच राहतं. हात दोन्ही वेळा तेच करतो, परिणाम वेगळा. त्यामुळे ‘फाईल गायब झाली’ म्हणून आलेल्या माणसाला मी आधी विचारतो, माऊस कुठे ओढला होता? नव्याने शिकताना ओढायचं टाळाच. फाईलवर एक क्लिक, कंट्रोल सी. नव्या जागी जाऊन कंट्रोल व्ही. दोन्हीकडे दिसते का ते बघा, मग हवं तर पहिली काढा.

काढलेलं रिसायकल बिनमध्ये जातं आणि तिथून परत आणता येतं. पण पेन ड्राइव्हवरून काढलेलं तिथे जात नाही, ते गेलं ते गेलंच. शिफ्ट धरून डिलीट दाबलं तरी तसंच. नुकसान होणाऱ्या ज्या मोजक्या जागा म्हटलं, त्यातल्या या दोन. तिसरी म्हणजे ‘फॉरमॅट’ हा शब्द. पेन ड्राइव्ह लावल्यावर कधी ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं आणि आत तुमचं काम असेल, तर नाही म्हणा आणि जाणकाराला दाखवा. आणि काहीही चुकलं, ओळ उडाली, परिच्छेद गायब झाला, तर घाबरून पुढे काही दाबू नका. कंट्रोल धरून झेड. जितक्या वेळा दाबाल तितकी पावलं मागे जाता येतं.

मराठी टाईप करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ठराव मराठीत आहे म्हणजे हे येणारच, आणि मला यात मनापासून रस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक प्रयोग करा. नोटपॅड उघडा. त्यात फक्त ‘आई’ एवढंच लिहा, सेव्ह करा, त्या फाईलवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. साईज ६ बाइट्स दिसेल (बाइट हे साठवणीचं छोटं माप). आता ‘आई’ पुसून ‘मी’ लिहा, सेव्ह करा, पुन्हा बघा. पुन्हा ६! अक्षर एकच दिसतंय, मग सहा कसे? कारण कॉम्प्युटर अक्षरांचे आकार साठवत नाही, आकडे साठवतो. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत जगातल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक आहे. म ला एक, आणि त्याच्या दुसऱ्या वेलांटीला स्वतंत्र दुसरा. देवनागरीचा प्रत्येक क्रमांक साठवायला नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात, दोन क्रमांकांचे सहा. म्हणूनच ‘मी’ लिहून बॅकस्पेस एकदा दाबलं की आधी वेलांटी जाते आणि म उरतो. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या माणसाची कॉम्प्युटरबद्दलची अर्धी भीती जाते, असा माझा अनुभव आहे. आत जादू नाही, क्रमांक आहेत.

हजारेक बाइटचा एक केबी, हजारेक केबीचा एक एमबी, हजारेक एमबीचा एक जीबी (अगदी काटेकोर हिशेब १०२४चा, पण अंदाजाला हजार पुरे). मोबाईलवर काढलेला एक फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो, म्हणजे तीस-चाळीस लाख बाइट. भरतीच्या ऑनलाईन अर्जात फोटो २० ते ५० केबीचा आणि सही १० ते २० केबीची मागतात, बँकांच्या परीक्षांचे अर्ज असेच असतात. तिथे फोनमधला फोटो तसाच चढवला तर अर्ज तो घेत नाही आणि माणूस ‘साईट चालत नाही’ म्हणून सायबर कॅफेत जातो. साईट चालत असते. आपला फोटो शंभरपट मोठा असतो, तो आधी लहान करून घ्यावा लागतो.

आता जुन्या फाईलींचं. तुमच्या गटाचे पूर्वीचे ठराव कुणी डीटीपीच्या दुकानातून टाईप करून आणले असतील, तर ते कदाचित कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील. त्या फाईली तुमच्या लॅपटॉपवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाईल बिघडलेली नसते. त्या पद्धतीत मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक नव्हते. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी चित्र चिकटवलेलं होतं. ‘कमल’ लिहायचं तर फाईलमध्ये प्रत्यक्षात डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं असत आणि कृतिदेव फॉन्ट त्यांच्या जागी क, म, ल अशी चित्रं दाखवे. फॉन्ट नसला की चित्रं गेली, मागे डी ई वाय उरले. पुन्हा तोच प्रश्न: मराठी कुठे होती? फाईलमध्ये नव्हती, फॉन्टमध्ये होती. युनिकोडमध्ये ती फाईलमध्येच असते, म्हणून मोबाईलवर, ईमेलमध्ये, कुठेही उघडते. गटाचं नवीन काम युनिकोडमध्येच करा. कुणी म्हणालं की जुना फॉन्ट सुंदर दिसतो, तरी ऐकू नका. दहा वर्षांनी ते कागद कुणाला तरी वाचायचे आहेत.

विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये ‘टाईम अँड लँग्वेज’ मध्ये जाऊन मराठी ही भाषा जोडली की बाहेरून काही आणावं लागत नाही. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोजचं बटण धरून स्पेसबार. कीबोर्ड दोन मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी उमटतं, मोबाईलवर सवय असेल तर ते लगेच जमेल. दुसरा इनस्क्रिप्ट, सरकारने ठरवलेला, भारतातल्या बहुतेक लिपींना एकच रचना. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला अशी ढोबळ वाटणी आहे. ‘कमल’ म्हणजे के, सी, एन. ‘मराठी’ म्हणजे सी, जे, ई, मग शिफ्ट धरून अवतरणचिन्हाचं बटण, मग आर. आणि जोडाक्षरासाठी पाय मोडायचा तो डी ने. पंधरा दिवस त्रास होतो, हे लपवत नाही. पण तुम्हाला दर महिन्याला ठराव लिहायचे आहेत, अर्ज लिहायचे आहेत, तर मी इनस्क्रिप्टच शिका म्हणेन. फोनेटिकमध्ये ‘ण’ की ‘न’, ‘ळ’ की ‘ल’ यावर प्रत्येक वेळी हात अडखळतो. इनस्क्रिप्टमध्ये ल एन वर आणि ळ शिफ्ट धरून एन वर, संपलं.

हिशेबाकडे येऊ. एक्सेलला घाबरायचं काहीच कारण नाही, तुमच्या गटाचं रजिस्टर आणि एक्सेल दिसायला सारखंच आहे. आडव्या ओळी सदस्यांच्या, उभे रकाने बचत, कर्ज, व्याज, जमा. प्रत्येक चौकोनाला पत्ता असतो: रकान्याचं अक्षर आणि ओळीचा अंक, जसं सी २. समजा बारा जणींची बचत दरमहा २०० रुपये, सी २ पासून सी १३ पर्यंत भरली. सी १४ मध्ये बरोबरचं चिन्ह टाका, एसयूएम लिहा, कंस उघडा, माऊसने सी २ पासून सी १३ पर्यंत ओढा, कंस बंद, एंटर. २४०० यायला हवेत. आले नाहीत तर? माझ्याकडे आलेल्या एका गटाच्या फाईलीत २२०० येत होते आणि दोन जणींत वाद झाला होता, पैसे कुणी भरले नाहीत म्हणून. बारा ओळी डोळ्यांसमोर होत्या, सगळ्यांचे २०० दिसत होते. एका चौकोनात मात्र ‘200 रु.’ लिहिलेलं होतं. ‘रु.’ जोडलं की एक्सेलच्या दृष्टीने तो आकडा राहत नाही, शब्द होतो, आणि बेरीज शब्दांना वगळते. ओळखायची खूण सोपी: आकडा चौकोनात उजवीकडे चिकटतो, शब्द डावीकडे. बारापैकी एकच डावीकडे उभा होता. ‘रु.’ काढलं, २४०० झाले, वाद मिटला. चौकोनात नुसता आकडा टाका, साधे इंग्रजी अंक, रुपयाचं नाव वरच्या मथळ्यात लिहा.

व्याजही तसंच. कर्जाची बाकी डी २ मध्ये आणि दर शेकडा दोन महिना असेल, तर ई २ मध्ये बरोबरचं चिन्ह, डी २, गुणिले २, भागिले १००. पाच हजारांवर शंभर येतात का ते एकदा तोंडी तपासा. मग त्या चौकोनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला बारीक ठिपका धरून खाली ओढा, सगळ्यांचं व्याज निघेल. पहिले सहा महिने कागदी रजिस्टर बंद करू नका. दोन्ही ठेवा, महिन्याच्या शेवटी ताडून बघा.

इंटरनेटबद्दल मुलं बरंच सांगतात, मी दोनच गोष्टी सांगतो. एक, जीमेलमध्ये आलेला कागद क्लिक केल्यावर दिसतो, पण तो तुमच्या लॅपटॉपवर आलेला नसतो; गुगलच्या कॉम्प्युटरवरचा तुम्हाला दाखवला जात असतो. खाली तोंड केलेला बाण, म्हणजे डाऊनलोड, दाबलात की तो ‘डाऊनलोड्स’ फोल्डरमध्ये येतो. तिथून कंट्रोल एक्स (म्हणजे कट) करून लगेच आपल्या ‘बचत गट’ फोल्डरमध्ये न्या. डाऊनलोड्स म्हणजे घराचा ओसरा, तिथे सामान उतरवायचं, साठवायचं नाही. व्हॉट्सॲप लॅपटॉपवर लावलं असेल तर त्यातून घेतलेली फाईलही आधी याच फोल्डरात शोधा. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत गुगल ड्राइव्हवर ठेवा, १५ जीबी फुकट मिळतात. त्यात जीमेल आणि फोटोही धरलेले असतात, त्यामुळे व्हिडिओ टाकून ते भरू नका. लॅपटॉप पडला, चोरीला गेला, तरी ठराव शिल्लक राहतो.

दुसरी गोष्ट, पत्ता वाचायला शिका. ब्राऊझरच्या वरच्या पट्टीत संकेतस्थळाचा पत्ता असतो. सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ आणि दोन तिरक्या रेघा दिसल्या तर त्या सोडा, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिथून मागे वाचा. शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर ते सरकारी. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, त्याचा पत्ता असाच संपतो. फसवणारे काय करतात, ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरं पत्त्याच्या मध्ये घालतात आणि शेवट भलताच असतो. पत्त्याशेजारी कुलूप दिसतं म्हणून भरवसा ठेवू नका. कुलूप म्हणजे वाटेत कुणी वाचू शकत नाही एवढंच, पलीकडे बसलेला चांगला माणूस आहे असं नाही. चोराच्या घरालाही कुलूप असतं.

गटाचं बँक खातं तुमच्या हातात आहे म्हणून हे कडक सांगतो. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीही लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुमच्याकडून पैसे गेले. ओटीपी बँकेचा माणूस विचारत नाही. फोनवर कुणी ‘एक ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो’ म्हणाला, तर ते ॲप म्हणजे तुमचा पडदा त्याच्या हातात देणं आहे, फोन ठेवा. चुकून पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन लावा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. पासवर्ड ईमेलचा वेगळा आणि बँकेचा वेगळा ठेवा. लक्षात राहत नसतील तर घरातल्या एका वहीत लिहून ती कपाटात ठेवा. वहीवर काही जण नाक मुरडतात. पण सगळीकडे मुलाचं नाव आणि जन्मसाल हा एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा कपाटातली वही कितीतरी बरी.

लॅपटॉप जुना आहे म्हणालात. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’, मग ‘अबाऊट’ उघडून विंडोज कुठली आहे ते बघा. विंडोज १० असेल, तर मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिची नेहमीची देखभाल थांबवली आहे. लॅपटॉप चालेल, ठराव आणि हिशेबाला पुरेल, पण बँकेचं काम त्यावर करू नका. विंडोज ११ बसते का ते मुलाला तपासायला सांगा. साधारण २०१८ च्या आधीच्या यंत्रांवर ती बहुधा बसत नाही. आणि अडकल्यावर लॅपटॉप बंद करून चालू करण्याऐवजी ‘रीस्टार्ट’ करा. हल्ली ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोज आतलं थोडं जपून ठेवते, लवकर चालू व्हावं म्हणून, त्यामुळे अडकलेलं कधी कधी तसंच राहतं. रीस्टार्टमध्ये सगळं कोरं होऊन सुरू होतं.

मुलाला एकच अट घाला: माऊस तुमच्या हातात राहील, त्याने हात मागे बांधून बोलायचं. ‘वर डावीकडे, तिसरं, हो तेच’ असं. त्याला जड जाईल, चिडेलही, पण डोळ्यांनी बघून शिकलेलं हाताला येत नाही. रोज वीस मिनिटं बसा, आणि बसाल तेव्हा गटाचंच काम करा. कोर्सच्या पुस्तकातल्या धड्यांवर वेळ घालवू नका. पहिला आठवडा फक्त फाईल एक्सप्लोरर: फोल्डर करा, नाव बदला, कॉपी करा, काढा, बिनमधून परत आणा. त्यासाठी ‘सराव’ नावाचा एक फोल्डर करा आणि त्यात मनसोक्त गोंधळ घाला. मग इनस्क्रिप्ट. एक्सेल त्यानंतर.

हरवलेला ठराव वर सांगितल्याप्रमाणे मिळाला नाही, तर तो पुन्हा लिहावा लागेल, त्याचं मला वाईट वाटतं. या वेळी एफ १२ दाबून, ‘ठराव’ फोल्डरात, तारखेचं नाव देऊन सुरुवात करा. लिहून झाला की पुन्हा एफ १२ दाबा, नावाखालच्या ‘सेव्ह ॲज टाईप’ मध्ये पीडीएफ निवडा आणि तीही प्रत शेजारीच ठेवा. दुरुस्ती वर्डच्या फाईलीत करायची आणि छापायला पीडीएफ न्यायची. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाईलसोबत जातात, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं तुटत नाहीत की ओळी खाली-वर होत नाहीत. बैठक रविवारी असेल तर प्रिंट शनिवारीच काढा, आणि सह्या घेण्याआधी सगळ्या सदस्यांची नावं एकदा बोट ठेवून वाचा.